लॅमिंग्टन रोडवरचं कंपोनंटचं दुकान: दोन मुलांसह सहा खेपा

ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडला लागायचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण ते नाव टॅक्सीवाल्याला सांगून बघा. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या या दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही करायची आहे. जेमतेम दहा फूट रुंद, भिंतभर छोटे प्लास्टिकचे खण, खणांवर स्केचपेनने लिहिलेले आकडे. गल्ल्यावर मालक. काउंटरला एक काका, साठीच्या आसपासचे, मूळचे देवरुखकडचे.

माझी दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी सात. घरीच शिकतात. पुढे दहावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून) द्यायची तर चौदा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे अजून निवांत आहोत. गोरेगावहून स्लो लोकलने निघालो की डब्यातली एखादी बाई विचारतेच, "आज सुट्टी का गं?" धाकटी सांगते, "नाही, आज खरेदी." मंगळवारी सकाळी अकराला दुकान रिकामं मिळतं, हा आमच्यासारख्यांचा मोठा फायदा. रविवारी बंद. शनिवारी इंजिनिअरिंगच्या पोरांची झुंबड असते, तेव्हा मुलांना घेऊन चुकूनही जाऊ नका.

पहिल्या खेपेला थोरल्याने सांगितलं, "छोटा दिवा द्या." काकांनी विचारलं, "कसला? तीनचा की पाचचा? लाल, हिरवा, पांढरा?" पोरगं गडबडलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, "ताई, त्याला बोलू द्या." शेवटी पाच मिलिमीटरचे लाल एलईडी, दोन रुपयांना एक, असे दहा घेतले. घरी येऊन त्याने पहिला एलईडी सरळ नऊ व्होल्टच्या बॅटरीला लावला. लखकन पेटला आणि गेला.

पुढच्या मंगळवारी काकांनी त्याला कागद-पेन्सिल दिली: एलईडी जळू नये म्हणून सोबत करंट रोखणारा रेझिस्टर लागतो, तो किती ओहमचा ते काढायला. बॅटरी 9, लाल एलईडी साधारण 2 घेतो, उरले 7 व्होल्ट. करंट 20 मिलिअँपिअर, म्हणजे 0.02 अँपिअर हवा. 7 ला 0.02 ने भाग. उत्तर 350 ओहम. "द्या मग 350 चा." काका हसले. "तो नाही मिळत. 330 घे, नाहीतर 390." बरोबर उत्तर काढल्यावर ते दुकानात मिळत नाही, हे त्याला अजिबात पटलं नाही. काकांनी खणांवरचे आकडे वाचायला लावले: 330, 390, 470, 560, 680, 820. परतीच्या गाडीत तो गुणाकार करत बसला आणि दादरच्या आसपास ओरडला, "आई, प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा साधारण एक पंचमांशाने मोठा आहे!" अपूर्णांकांवर मी दोन महिने डोकं आपटत होते.

रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या धाकटीने ताब्यात घेतल्या. काळा म्हणजे 0, तपकिरी 1, लाल 2, नारिंगी 3, पिवळा 4, हिरवा 5, निळा 6, जांभळा 7, राखाडी 8, पांढरा 9. त्यासाठी दोघांनी वाक्य जुळवलं: "काल ताईने लाडू नाही, पिठलं हादडलं; निळू जागाच राहिला पाहत." निळू कोण, ते विचारू नका. नारिंगी-नारिंगी-तपकिरी दिसलं की ती आता 330 म्हणून मोकळी होते. सोनेरी पट्टी म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. ते खरं का म्हणून दोघांनी पिवळ्या मल्टिमीटरवर दहाच्या दहा रेझिस्टर मोजले, वहीत लिहिले, सरासरी काढली. सगळे पाच टक्क्यांच्या आत निघाले, पण बरोब्बर 330 एकही नाही. धाकटीला यात कंपनीची लबाडी दिसली.

आता तक्रारी. सुटा रेझिस्टर देत नाहीत, दहाची पट्टीच घ्यावी लागते. किरकोळ मालाचं बिल मागितलं की मालकांचा चेहरा बदलतो. एकदा बझर मुका निघाला. बदलून मागितला तर "टेस्ट करूनच दिला होता" असं उत्तर आलं. टेस्ट केला नव्हता, मी समोर उभी होते. तीस रुपयांचा प्रश्न होता, पण मुलांदेखत खोटं बोलले ते मला खटकलं. तेव्हापासून थोरला बॅटरी खिशात घेऊन जातो आणि काउंटरवरच बझर वाजवून बघतो. बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही. आणि काका रजेवर असतील तर सरळ परत फिरा, काउंटरवरच्या दुसऱ्या पोराला शिकवण्यात काडीचा रस नाही.

काकांसाठी मात्र मी गोरेगावहून पुन्हा जाईन. जूनमध्ये थोरल्याने पावसाची घंटा बनवली. झिरो पीसीबीच्या, म्हणजे भोकं असलेल्या सर्किट-बोर्डाच्या, तुकड्यावर दोन उघड्या तारा शेजारी शेजारी, एक बीसी 547 ट्रान्झिस्टर (छोटा करंट मोठा करणारा), एक बझर. तारांवर पाणी पडलं की बझर वाजायचा आणि आम्ही गॅलरीतले कपडे काढायला धावायचं. नळाच्या पाण्यावर छान वाजला. पाऊस आला, कपडे भिजले, बझर गप्प.

काकांनी एवढंच विचारलं, "नळाच्या पाण्यात काय असतं, जे पावसाच्यात नसतं?" थोरला बराच वेळ खणांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "क्षार?" पावसाच्या पाण्यातून वीज कमी वाहते, म्हणून ट्रान्झिस्टरला पुरेसा इशारा मिळत नव्हता. उपाय म्हणजे पहिल्याच्या मागे दुसरा ट्रान्झिस्टर. एकाने करंट साधारण शंभरपट, दुसऱ्याने त्याच्या शंभरपट. दोन रुपयांचा आणखी एक बीसी 547. मालक मागून म्हणाले, "अरे, गिऱ्हाईक बघा." काकांनी लक्ष दिलं नाही.

आता घंटा फारच हळवी झाली. जुलैच्या दमट हवेत रात्री अडीचला पावसाचा थेंब नसताना वाजली आणि शेजारच्या आजी दार ठोठावत आल्या. सहाव्या खेपेला काका म्हणाले, "तारांची पट्टी तिरकी लाव, वर पाणी साठता कामा नये. अन् महिन्यातून एकदा पूस." तिरकी लावली आहे. काल पहाटे वाजली तेव्हा खरंच पाऊस होता. कपडे मात्र आदल्या संध्याकाळीच आत आणलेले होते.