रोटेटरचे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून केलेली बांधणी: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

कोणता रोटेटर, म्हणजे अँटेना फिरवणारी मोटर, घ्यावा यावर आपल्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींत तासन्‌तास बोलणं होतं. तो मनोऱ्यावर घट्ट कसा राहील हा विषय मात्र बोल्ट निसटून खाली पडल्यावरच निघतो. अक्षय तृतीयेच्या सुमारास मी माझा रोटेटर उतरवून वेगळ्या पद्धतीनं परत बसवला. त्यानंतर वळवाची वादळं झाली, जून ते सप्टेंबर अख्खा पावसाळा गेला. दिवाळीनंतर वर चढून एकेक बोल्ट पाहिला. एकही फिरलेला नाही. एका ठिकाणी तक्रार आहे, ती पुढे सांगतो.

माझं घर बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रस्त्याच्या बाजूला आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, आणि पावसाळी वारा घाट चढून येतो तो थेट अंगावर. गच्चीवर तिकोनी लोखंडी मनोरा, त्याच्या आत प्लेटवर रोटेटर, माथ्यावर बेअरिंग, त्यातून वर गेलेला सी क्लासचा जीआय पाईप आणि त्यावर वीस, पंधरा व दहा मीटरच्या रेडिओ पट्ट्यांसाठी तीन एलिमेंटचा (आडव्या नळ्यांचा) यागी अँटेना. रोटेटर मध्यम ताकदीचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न कुठल्याही कंपनीच्या रोटेटरला लागू आहे. किटमधून बहुतेक वेळा आखूड बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर येतात. माझ्याही आले होते, आणि त्या जोडीवर दर पावसाळ्यात निदान दोन बोल्ट तरी हातानं फिरतील इतके ढिले व्हायचे.

आधी कारण नीट कळायला हवं. पाऊस आणि गंज यांना आपण उगीच दोष देतो. गंजलेला बोल्ट उलट निघता निघत नाही. बोल्ट सुटतो तो आडव्या हालचालीनं. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टाच्या अक्षाला काटकोनात, म्हणजे आडवा धक्का बसत राहिला आणि जोडलेले दोन भाग एकमेकांवर किंचित घसरू लागले, की आट्यांमधलं घर्षण जवळजवळ नाहीसं होतं आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. रोटेटरच्या तळाशी नेमके असेच धक्के बसतात. मोटर सुरू होताना एक, थांबताना उलट्या दिशेनं दुसरा, आणि वाऱ्याचे तर मोजायलाच नकोत. बूमच्या (अँटेनाच्या नळ्या धरणाऱ्या मधल्या दांड्याच्या) एका बाजूला झोत जोरात आणि दुसऱ्या बाजूला कमी, असं सतत चालू असतं. त्यात वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दाबाचं सूत्र ०.६ गुणिले वेगाचा वर्ग असं आहे. ताशी ३६ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला १० मीटरला, दर चौरस मीटरवर ६० न्यूटन; ताशी ७२ किलोमीटरला थेट २४०. आषाढातला एखादा झोत महिनाभराच्या साध्या वाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो तो यामुळे.

मग बोल्टाला धरून काय ठेवतं? त्याचा ताण. हे मला उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये उमगलं. तिथले फिटर मामा हायड्रॉलिक प्रेसची कामं करतात. रोटेटर कधी बघितला नसला तरी बोल्ट त्यांच्या हाताखालून आयुष्यभर गेलेत. माझे जुने बोल्ट आणि प्लेट टेबलावर ठेवली तर त्यांनी वॉशरकडे पाहिलंच नाही. प्लेटवरच्या रंगावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ह्या रंगावर आवळलास व्हय? बोल्ट आवळायचा म्हणजे ओढायचा की रे. ओढलाच नाही तर खाली सोन्याची वायसर घातलीस तरी सुटणार."

घरी येऊन हिशेब मांडला. एम-८ चा (८ मिलिमीटर जाडीचा) स्टेनलेस बोल्ट १५ न्यूटन-मीटर टॉर्कनं, म्हणजे पिळण्याच्या जोरानं, आवळला तर त्यात साधारण नऊशे ते साडेनऊशे किलोचा ताण येतो. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण पकडीत फक्त ८ मिलिमीटरची प्लेट आणि एक वॉशर असेल तर बोल्ट लांबतो किती? ०.०२ मिलिमीटरच्या आतच. प्लेटवर रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट मिळून रंगाचा थर सहज ०.१ मिलिमीटर भरतो. उन्हात तो मऊ पडतो, दबतो. त्याचा पाचवा हिस्सा जरी दबला तरी बोल्टातला सगळा ताण गेला. नट जागचा तसूभरही हललेला नसतो, आणि तरी सांधा सैल झालेला असतो. त्यानंतर पहिल्या मोठ्या वाऱ्यात नट फिरायला लागतो तो पुढचा प्रकार.

म्हणून दोन कामं केली, आणि एवढ्या महिन्यांनी सांगतो, फायद्याचा मोठा वाटा या दोनांचाच आहे. एक, बोल्टाच्या डोक्याखाली आणि रोटेटर बसतो त्या जागी प्लेट घासून पांढरी केली. रंग सांध्याच्या बाहेर, कडेनं लावला. दोन, बोल्ट लांब घेतले. माझ्या रोटेटरचे बोल्ट खालून वर जातात आणि ॲल्युमिनियमच्या बॉडीतल्या आट्यांत बसतात. मामांनी लेथवर २५ मिलिमीटर उंचीच्या जाड बुशी (पोकळ नळकांडी) काढून दिल्या. त्या प्लेटच्या खाली, डोकं आणि प्लेट यांच्यामध्ये येतात. आता पकड ३५ मिलिमीटरच्या आसपास झाली आणि त्याच टॉर्कला बोल्ट जवळजवळ तिप्पट लांबतो. एखादा शतांश मिलिमीटर कुठे दबला तरी ताण शिल्लक राहतो. बोल्ट लांब घेताना बॉडीतलं भोक किती खोल आहे ते मोजूनच घ्या. टोक तळाला टेकलं तर पान्याला घट्ट लागतं, पण सांधा आवळलेलाच नसतो. टॉर्कही जपून लावा. ८.८ प्रतीच्या एचटी (जास्त ताण सोसणाऱ्या पोलादी) बोल्टाला पोलादात २५ न्यूटन-मीटर चालतं म्हणून तेवढं ॲल्युमिनियमच्या आट्यांना लावू नये. पुस्तिकेत आकडा असेल तर तोच पाळा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट सरळ रेषेची. वरचं बेअरिंग आणि रोटेटरचा मध्य एका ओळीत नसतील तर पाईप प्रत्येक फेरीत थोडा वाकतो आणि तो वाक तळाचे बोल्ट सहन करतात. कुठलाही वॉशर यावर उपाय नाही. तळाचे बोल्ट नुसते हातानं लावून ठेवले, पाईप बेअरिंगमधून सोडला, रोटेटर पूर्ण फेरी फिरवला आणि बॉडी प्लेटवर कुठे सरकते ते खाली बसून पाहिलं. एका कोपऱ्यात उचल दिसली. तिथे स्टेनलेस पत्र्याची पातळ शिम घातली. परत फेरी. बॉडी शांत बसल्यावर समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले. या कामात अख्खी सकाळ गेली. पण पूर्वी फिरवायला सुरुवात करताना वरून जो 'कट्' आवाज यायचा तो त्या दिवसापासून बंद आहे.

आता लॉक करण्याच्या साधनांविषयी. स्प्रिंग वॉशर मी काढून टाकले. योग्य टॉर्कला ते पूर्ण सपाट होतात, मग त्यांची स्प्रिंग उरतच नाही. ॲल्युमिनियमवर ओरखडे मात्र पाडतात. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) चांगले, फक्त प्रत्येक वेळी काढले-लावले की नायलॉनची पकड कमी होते, तेव्हा उतरवलेला नट वर परत नेऊ नये. तो ताण टिकवत नाही, पडण्यापासून वाचवतो, एवढंच त्याच्याकडून मागावं. चेकनट, म्हणजे जोडीचा दुसरा नट, लावायचाच तर पातळ नट आत आणि जाड नट बाहेर असा क्रम ठेवा. आपल्याकडे सर्रास उलटा दिसतो.

आटे चिकटवून ठेवणारा निळा लॉकटाइट २४३ तळाच्या चारही बोल्टांना लावला आणि त्यावर मी खूश आहे. तो हवा नसलेल्या जागी, धातूच्या स्पर्शानं घट्ट होतो. स्टेनलेसवर ही क्रिया सावकाश होते, म्हणून ॲक्टिव्हेटर मारला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत रोटेटरला हात लावला नाही. आट्यांत पाणी शिरत नाही हा आणखी एक फायदा. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पाणी राहिलं की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होत जाते. पण एक क्रम कसोशीनं पाळा. लॉकटाइट सुकल्यावर बोल्ट पुन्हा आवळला तर बंध तुटतो. त्यामुळे आधी तो न लावताच सगळं आवळून आठवडाभर वापरलं, सांधे बसू दिले, नंतर एकेक बोल्ट काढून, पुसून, लॉकटाइट लावून शेवटच्या टॉर्कला आणला. लाल लॉकटाइट या कामाला घेऊ नका. तो सोडवायला बोल्ट तापवावा लागतो, आणि रोटेटरच्या बॉडीजवळ ज्योत नेणं परवडणारं नाही.

मनोऱ्याला प्लेट धरणाऱ्या एम-१० च्या एचटी बोल्टांना नॉर्ड-लॉकच्या पाचरी वॉशरच्या जोड्या वापरल्या. दोन चकत्यांच्या आतल्या बाजूला उतार असतात. बोल्ट उलटा फिरू लागला की उतार एकमेकांवर चढतात आणि बोल्ट आणखी ताणला जातो. इथे लॉक करणारा खरोखर ताणच आहे, म्हणून ही कल्पना मला मनापासून पटते. साध्या वॉशरच्या कित्येक पट महाग आहेत. डोक्याखाली एक जोडी आणि नटाखाली एक जोडी हवी, उताराच्या बाजू एकमेकींना लागून. त्यांच्याखाली साधा वॉशर ठेवला तर तोच फिरतो आणि सगळं फुकट जातं. याच कारणानं बुशीवर त्या लावल्या नाहीत, कारण बुशीही फिरू शकते. तिथे डोक्यांना भोकं पाडून दोन-दोन बोल्ट स्टेनलेस तारेनं, आवळण्याच्या दिशेला ओढ राहील असे बांधले. तार ताण राखत नाही, पण बोल्ट कोणाच्या डोक्यावर पडत नाही. खाली अंगणात मुलं खेळतात, तेव्हा हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

आता तक्रार. जुलैत एका रात्री जोराचा वारा झाला आणि पाईप रोटेटरच्या वरच्या क्लॅम्पमध्ये घसरला. हे वर न चढता कळलं, कारण महिन्यातून एकदा मी बूम येळ्ळूरच्या राजहंसगडावर रोखतो आणि कंट्रोलरवरचा आकडा वहीत लिहितो. आकडा नेहमीपेक्षा बराच सरकलेला होता. युरोपकडे वायव्येला रोखलेला अँटेना प्रत्यक्षात भलतीकडे पाहत होता. उघडीप मिळाल्यावर वर जाऊन पाहिलं तर बोल्टांवर मारलेल्या पिवळ्या रंगाच्या रेघा जिथल्या तिथे, फक्त पाईपवरची रेघ सरकलेली. क्लॅम्पच्या दोन अर्ध्या भागांतली फट एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला जवळजवळ मिटलेली होती. पाईपवर ग्रीसचा हातही लागलेला होता. पुसून, दोन्ही फटी सारख्या ठेवून परत आवळला. तेव्हापासून घसरलेला नाही. काही जण क्लॅम्प आणि पाईप यांतून आरपार पिन घालायला सांगतात. मध्यम रोटेटरला मी ती घालणार नाही. पाईप थोडा घसरला तर दिशा पुन्हा जुळवता येते; पिन असेल तर तोच धक्का गिअरच्या दातांवर जातो. दणकट ब्रेकचा मोठा रोटेटर असेल तर गोष्ट वेगळी.

स्टेनलेसच्या यू-बोल्टांबद्दलही सांगायला हवं. स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा फिरवला तर आटे एकमेकांत रुतून जाम होतात. मग पुढेही नाही, मागेही नाही, कापूनच काढायचा. अँटी-सीझ पेस्टचं बोट लावा आणि टॉर्क साधारण पाव हिस्सा कमी करा, कारण घर्षण घटलं की त्याच टॉर्कला ताण वाढतो. जांबोटीकडच्या माझ्या मित्राकडे पाऊस आमच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्याचा त्रास नेमका हा आहे: सुटत काही नाही, पण काढायचं म्हटलं तर निघतही नाही. निपाणीच्या मित्राकडे पाऊस कमी, मोकळं रान, धूळ भरपूर. त्यानं बुशी आणि घासलेली प्लेट एवढंच केलं, पाचरी वॉशर घेतलेच नाहीत, आणि त्याचेही बोल्ट जागच्या जागी आहेत. खर्च आवरायचा असेल तर आधी तेवढं करा.

वर जाताना हार्नेस लावा, पाने दोरीनं कमरेला बांधा, आणि वळवाच्या दिवसांत दुपारनंतर मनोऱ्यावर चढू नका.

बूमला पाईपशी धरणाऱ्या यू-बोल्टांविषयी इतक्यात मत देत नाही. तिथे गोल पाईपवर सपाट प्लेट बसते, टेकण्याची जागा फार थोडी, आणि दिवाळीला पाहिलं तेव्हा जस्ताच्या थरावर घासल्याची बारीक चमक दिसली. संक्रांतीनंतर मामांकडून ४८ मिलिमीटरच्या पाईपला बसतील असे अर्धगोल खोबण्यांचे ठोकळे करून घेणार आहे. ते कसे टिकतात हे पुढच्या पावसाळ्यानंतर लिहीन.