किट लेन्सनंतर ५० घ्यावी का ५५-२५०? दोन्ही वापरून झाल्यावर लिहितोय

मामेभावानं दिवाळीत कॅमेरा घेतला, कॅननचा १५००डी, सोबत १८-५५ ची किट लेन्स. आता पैसे साठवून एकच लेन्स घ्यायची म्हणतोय आणि रोज रात्री फोन, "दादा, ५० घेऊ का ५५-२५० घेऊ?" ५० म्हणजे ५० मिलिमीटरची, झूम न होणारी लेन्स, आणि ५५-२५० म्हणजे लांबचं जवळ आणणारी झूम. माझ्याकडं दोन्ही आहेत, लातूरात राहून बरीच वर्षं वापरायलोय, तर म्हणलं फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं, त्याच्यासारखे अजून लई जण इथंच अडकलेले असतात.

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच की किट लेन्समधे ५५ पर्यंत आहेच की, मग ५० ला वेगळे पैसे कशाला. पैसे आकड्याला नाहीत, तोंडाला आहेत. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं तोंड एफ ५.६ च्या पुढं उघडत नाही, ५० चं एफ १.८ पर्यंत उघडतंय (एफचा आकडा जेवढा लहान तेवढं तोंड मोठं), आणि हा फरक जवळजवळ दहा पट प्रकाशाचा आहे. म्हणजे ज्या उजेडात किटला १/६ सेकंद शटर लागंल तिथं ५० वर १/६० मिळतंय, त्याच आयएसओला, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद न वाढवता. १/६ ला माणूस हलला की गेला फोटो.

हे मला खरं कळलं ते येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला. शेतात कडब्याची कोप केलेली असती, आत पांडव मांडलेले, मोठी आई पूजा करायली, उजेड फक्त दारातनं येतोय आणि वर धूर. बाहेर भर दुपारचं ऊन आणि आत अंधार. किटनं काढलेले सगळे फोटो एकतर हललेले नाहीतर आयएसओ ६४०० वर नेऊन दाणेदार झालेले. पुढच्या वर्षी ५० घेऊन गेलो आणि तिच्या हातावरच्या सुरकुत्यासहित फोटो आला, आंबिलीच्या मडक्यावरचा चुन्याचा पांढरा पण आला. संध्याकाळी पेंढ्या पेटवून पोरं शेतातनं पळत्यात, तेव्हा १/२५० ठेवून एफ १.८ ला आयएसओ ३२०० मधे जाळ आणि चेहरा दोन्ही मिळाले. हुरड्याच्या आगटीभोवती बसलेली माणसं, गोंधळाच्या रात्री दिवटीच्या उजेडात संबळ वाजवणारा, हे सगळं ५० चं काम आहे. २५० तिथं बॅगेतच राहती.

पण ५० चा त्रास पण ऐकून घ्या. एक म्हणजे ती झूम होत नाही आणि या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती १.६ पटीनं जवळचं दाखवती, फिल्मच्या किंवा फुल फ्रेमच्या ८० सारखी. दहा बाय दहाच्या खोलीत मागच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी समोरच्या भिंतीचा साडेचार फुटाचा पट्टा येतोय बस, म्हणजे दोन माणसं, तिसरं अर्धं. घरातला साखरपुडा एकट्या ५० वर काढायचं मनात पण आणू नका, किट सोबत पाहिजेच. दुसरं म्हणजे एफ १.८ चा मोह. बहिणीच्या हळदीला मी सगळे फोटो १.८ वर काढले, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसले, घरी मोठं करून बघितलं तर नवरीचा एक डोळा शार्प आणि गालावर हळद लावणारा हात धूसर. दीड मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम सहा सेंटिमीटरची खोली शार्प येती हे तेव्हा माहीत नव्हतं, आणि ते फोटो परत काढायची सोय नव्हती, अजून वाईट वाटतंय त्याचं. आता दोघं असले की २.८, दोन रांगा असल्या की तीन-चार मीटर मागं जाऊन ४ किंवा ५.६. तिसरं, ५० मधे आयएस म्हणजे हात हलला तरी सावरणारी सोय नाही, त्यामुळं शटर १/८० च्या खाली नेऊ नका.

आता ५५-२५०. कॅननची आयएस एसटीएम वाली म्हणायलोय, वजन ३७५ ग्राम, ५० च्या दुपटीपेक्षा जास्त, पण गळ्यात जड वाटत नाही. २५० म्हणजे या कॅमेऱ्यावर ४०० सारखी. ५० चा फोटो कापून २५० एवढं जवळ आणता येईल का असं भावानं विचारलं होतं, तर २४ मेगापिक्सेलमधला पंचविसावा भाग उरतोय, एक मेगापिक्सेल पण धड नाही. ते जमणारच नाही.

मात्र पक्ष्यांच्या नादानं २५० घेणाऱ्यांना आधी हिशोब सांगतो. हिवाळ्यात पैठणला नाथसागरावर फ्लेमिंगो येतात, सगळ्यांना तेच पाहिजे असतात. उंचीला सव्वा मीटरच्या आसपासचा पक्षी, पाणी उतरलेल्या गाळापलीकडं शंभर मीटरवर उभा असला तर २५० वर फ्रेमच्या उंचीच्या पाचव्या हिश्श्याएवढाच दिसतोय. पन्नास मीटरवर आला तर अर्ध्याच्या आतबाहेर. मासिकात छापून येतात तसले डोळ्यात डोळा घातलेले फोटो या लेन्सचे नसतात, त्याला ५००-६०० लागती. पण थवा उडाला, मागं पाणी, खाली गुलाबी पट्टा, हा फोटो २५० सुरेख देती, शटर तेवढं १/१००० च्या वर ठेवा, आयएस तुमचा हात सावरतंय, पक्ष्याचे पंख नाही. तारेवरचा वेडा राघू दहा मीटरवर बसला असंल तर पुरेसा येतोय, आणि तो दहा मीटरवर बसू देतोय, एवढा चांगला पक्षी आहे तो शिकणाऱ्यासाठी.

एक गोष्ट आपल्याकडं उन्हाळ्यात लई जणांना फसवती. एप्रिल-मे मधे दुपारी बारा वाजता काळ्या रानापलीकडचा फोटो २५० वर काढला की तो मऊ येतोय, कडा वितळल्यासारख्या. मी लेन्स खराब निघाली समजून परत करायला निघालो होतो. लेन्स ठीक होती, जमिनीवरनं उठणाऱ्या झळा होत्या त्या, डोळ्याला हलकं लाटा दिसतात तेच लेन्स पाच पट मोठं करून दाखवती. त्याला कुठलीही महाग लेन्स उपाय नाही, सकाळी नऊच्या आत उरकायचं किंवा जवळ जायचं.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, मागचं धूसर करायला ५० च पाहिजे असं नाही. २५० ला एफ ५.६ म्हणजे उघडं तोंड साधारण ४५ मिलिमीटर, ५० ला एफ १.८ म्हणजे २८. तेवढाच चेहरा फ्रेममधे ठेवला आणि मागं ज्वारीचं रान लांबवर असलं तर २५० जास्त विरघळवती. पोरांचे शेतातले फोटो मी सकाळच्या उन्हात २५० नंच काढतो. उजेड पाहिजे फक्त, आणि मागं जागा.

अजिंठा-वेरूळला कुठली, हे लातूरचे सगळे विचारतात कारण तिकडं जाणं वर्षातनं एकदाच होतंय. खरं सांगू का, बहुतेक वेळ किटच. कैलासाच्या अंगणात उभं राहिलं की तिन्ही बाजूनं कातळ, मागं सरकायला जागा नाही, तिथं १८ पण कमी पडती, ५० नं एक हत्ती किंवा खांबाचा तुकडा मिळंल. वेरूळच्या लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून दुपारनंतर गेलात तर ऊन दर्शनी भागावर येतंय. अजिंठ्यात चित्रांच्या लेण्यात फ्लॅश चालत नाही आणि स्टँड असाच लावू देत नाहीत, पण चित्र काही हलत नाही, किटमधे आयएस आहे, १८ ला एफ ३.५ वर श्वास धरून १/१० ला पण निघतंय. ५० तिथं कामाला येती ती पद्मपाणीचा नुसता चेहरा घ्यायचा असंल तेव्हा. २५० मी अजिंठ्यात वापरतो ती वाघूर नदीपलीकडच्या व्ह्यू पॉइंटवरनं, घोड्याच्या नालेसारखी लेण्यांची रांग तुकड्या-तुकड्यानं घ्यायला. (सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, आमचे पाहुणे एकदा लातूरहून गाडी करून बरोबर मंगळवारी जाऊन आले.)

आता स्वभावाचं. माझा एक मित्र बाजाराच्या दिवशी ५० लावून सरळ भाजीवाल्या मावशीसमोर उकिडवा बसतोय, आधी भाव विचारतोय, कोथिंबीर घेतोय, मग फोटो. त्याच्या फोटोत माणसं त्याच्याकडं बघून हसतात. मला ते लवकर जमत नाही, मी २५० घेऊन झाडाखाली थांबतो, माझ्या फोटोत माणसं त्यांच्या कामात असतात. दोन्ही चांगलंच आहे पण वेगळं आहे, आणि तुम्ही यातले कोण हे तुम्हाला लेन्स घ्यायच्या आधीच माहीत असतंय. लांबनं काढायचं असलं तरी बायाबापड्यांना नंतर जाऊन दाखवावं, नको म्हणाल्या तर तिथंच पुसून टाकावं, हे मी पाळतो.

जत्रेत लेन्स बदलू नका एवढं मात्र ऐका. माळेगावच्या यात्रेत भंडारा उडत असतोय, तुळजापूरला कुंकू, उघड्या कॅमेऱ्यात गेलं की सेन्सर साफ करायचा खर्च बसतोय. जी लावून निघालात तीच दिवसभर.

वापरलेली घेणार असाल तर लेन्सच्या एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं आत दिसलं तर ती बुरशी. मी एका दुकानातनं घाईत घेतलेली लेन्स अशीच निघाली, दुकानदारानं मग ओळख दाखवली नाही. नवी ५० मात्र कॅननमधे सगळ्यात कमी पैशात येणाऱ्यांपैकी आहे, तिच्यासाठी जुन्याची जोखीम घेऊ नये असं माझं मत. २५० ला बरेच जास्त पैसे लागतात, ती जुनी चालंल.

निकॉनवाल्यांनो, डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसती, त्यामुळं स्वस्त दिसली म्हणून ५० ची डी वाली घेऊ नका, हातानं फोकस करत बसावं लागंल. एएफ-एस लिहिलेली घ्या. आणि मला विचाराल तर तुम्ही ५० च्या ऐवजी ३५ एफ १.८ डीएक्स घ्या, त्याच दहा फुटाच्या खोलीत साडेसहा फूट रुंदी मावती, घरच्या कार्यक्रमाला लई फरक पडतोय.

तरी ठरत नसंल तर भावाला सांगितलं तेच करा. किट लेन्सची रिंग ५० वर ठेवून वर चिकटपट्टी लावा आणि आठ दिवस तसंच फिरा. सारखं मागं सरकावं वाटलं तर दोन्हीपैकी काहीच घेऊ नका, १०-१८ कडं बघा, ती जास्त रुंद दाखवती. मग जुने फोटो उघडून माहितीत बघा कुठल्या आकड्यावर काढलेत. नुसतं ५५ ला जास्त दिसले म्हणून लगेच २५० नाही, त्या फोटोत काय आहे ते बघायचं.

भावानं बघितलं. बहुतेक ५५ चेच होते, पण त्यात आजी, गोठ्यातलं वासरू, अंगणात अभ्यासाला बसलेली पुतणी, सगळं दोन मीटरच्या आतलं आणि निम्मे संध्याकाळचे. पक्षी दोनच. त्यानं काल ५० मागवली. जानेवारीत नाथसागराला जायचं ठरलंय, तेव्हा माझी २५० त्याच्याकडं आणि त्याची ५० माझ्याकडं राहणार, कारण पैठणच्या घाटावर पहाटे अंघोळीला येणारी माणसं मला या खेपेला जवळनं काढायची आहेत.