कॅबिनेट उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वणीच्या बाजूला. वर्गणी काढून अभ्यासिकेसाठी घेतलेला असेंबल्ड कॉम्प्युटर पहिल्याच मे महिन्यात मान टाकू लागला. ऊन चढलं की आपोआप बंद. पोलीस भरतीचे फॉर्म अर्धवट राहायचे, पोरं रडकुंडीला यायची. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं : "भाऊ, तुमच्या गावची लाइनच खराब हाय, स्टॅबिलायझर घ्या." तोही त्यानं विकला. काही फरक पडला नाही.

कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर त्यानं कागदी सील चिकटवलं होतं. ते फाटलं की वॉरंटी संपली, असं बजावलं होतं. शेवटी नागपुरात दुरुस्तीचं काम करणारा माझा आतेभाऊ लग्नासाठी आला आणि त्यानं सगळ्यांसमोर ते सील काढलं.

पुढचा भाग अखंड काचेचा, हवा आत घ्यायला नीट फटसुद्धा नाही. काचेमागे रंगीत उजेडाचे तीन पंखे. त्यातल्या दोघांची फक्त दिव्याची वायर जोडलेली, मोटरची वायर गाठ मारून कोपऱ्यात खुपसलेली. बाहेरून उजेड दिसतो, पातं फिरतं की नाही ते काळ्या काचेतून कळत नाही. गरम हवा बाहेर टाकणारा मागचा पंखा बसवलेलाच नव्हता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड कुठलाच पंखा करू शकत नाही, पण ती कोंडून तरी राहू नये ना! प्रोसेसर जीव वाचवायला बंद पडत होता. त्यात लाइनचा काय दोष?

मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडायचा मुख्य बोर्ड, मायक्रो-एटीएक्स या लहान मापाचा, २४४ बाय २४४ मिलिमीटरचा. कॅबिनेट ३०५ बाय २४४ च्या, मोठ्या एटीएक्स बोर्डाचं. अशी जोडी सर्रास चालते, त्यात काही वावगं नाही. मात्र बोर्डाखालचे पितळी खुंट त्याच्या भोकांप्रमाणे बसवावे लागतात. इथं खालच्या कडेला एकही खुंट नव्हता. कड अधांतरी, केबल दाबून बसवली की बोर्ड वाकायचा. भोकांभोवती स्क्रूचे जुने ओरखडे आणि प्रोसेसरच्या पंख्याखाली दाबून बसलेली काळी धूळ. 'नवा' म्हणून जुना बोर्ड गळ्यात मारला होता.

सगळ्यात जास्त राग आला तो एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर. गुणाकार करा : १६८ वॅट. प्रोसेसर आणि पंखे मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात, म्हणून मोठा आकडा सोडा, हा तक्ता वाचा.

कॉम्प्युटर घेताना दुकानातच बाजूचा पत्रा काढायला लावा आणि मशीन चालू करून पंख्यापुढे कागदाची पट्टी धरा. पुढून हवा आत ओढली गेली पाहिजे, मागून बाहेर फेकली गेली पाहिजे. पुढचा भाग जाळीचा घ्या, आणि जाळीमागचं फिल्टर हातानं काढून धुता येतं का बघा. कापसाच्या हंगामात आपल्याकडे उडणारा तंतू तिथंच साचतो. पत्र्याच्या कडा दुमडलेल्या आहेत का, वायरी बोर्डामागून न्यायला जागा आहे का, हेही पाहा. नाही तर सगळा गुंता पंख्यासमोर येतो. 'उघडता येणार नाही' म्हणाला, तर तिथून उठा.

दुकानदारानं आम्हाला बिल दिलं ते 'कॉम्प्युटर सेट १ नग' एवढंच. त्यावर बोर्डाचं मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. सुदैवानं भागांची यादी त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवली होती, तिच्यात 'नवा बोर्ड' आणि 'तीन पंखे' स्पष्ट लिहिलंय. तो मेसेज आणि आतले फोटो जोडून आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथं निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही. आतेभावानं मागे नवा पंखा बसवून, पुढची काच काढून मशीन तात्पुरतं चालू करून दिलंय. दुपारी आता बंद पडत नाही.