डाऊन सिंड्रोम असलेल्या टीनएजर मुलीसाठी फॅमिली डॉक्टर: कोथरूडच्या क्लिनिकचा रिव्ह्यू (४/५)

क्लिनिकचं नाव टाकत नाहीये, डॉक्टर बाईंनीच सांगितलंय गर्दी नको म्हणून. लेक पंधरा वर्षांची आहे, डाऊन सिंड्रोम. लहान होती तोवर पेडियाट्रिशियनकडे सगळं ठीक चाललेलं, वयात आल्यावर पंचाईत झाली, काहीही घेऊन जा, उत्तर एकच, "अशा मुलांमध्ये असतंच हो." हट्टीपणा वाढलाय, हाक मारली तरी बघत नाही, टीव्ही फुल्ल आवाजात, तर म्हणे बिहेवियर थेरपी लावा.

या बाईंनी आधी कानात बॅटरी मारली. दोन्ही कान मळाने गच्च! डाऊनमध्ये कानाची नळीच अरुंद असते त्यामुळे मळ पटकन साठतो म्हणाल्या, ड्रॉप्स दिले, मग ईएनटीकडे साफ करून घेतलं आणि वर ऐकण्याची टेस्टपण करायला लावली. थेरपीचे पैसे वाचले ते वेगळंच. थायरॉईड दरवर्षी करायलाच लावतात, कारण सुस्ती, वाढतं वजन हे सगळं डाऊनच्या नावावर खपून जातं. रात्री घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, हेही त्यांनी स्वतःहून विचारलं, आजवर कोणी विचारलं नव्हतं.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे बोलतात माझ्याशी नाही, तिच्याशी. पाळीबद्दल तिलाच विचारलं, पॅड हातात देऊन दाखवलं, पोट दुखलं तर काय करायचं ते चित्र काढून सांगितलं. मी मध्ये तोंड घातलं तर "आई, तिला सांगू दे" 😀 रक्त घ्यायच्या आधी तासभर बधीर करणारं क्रीम लावून ठेवायला सांगतात, त्यामुळे रडारड जवळपास बंद.

निरामयचं (डाऊन, ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) कार्ड असेल तर बिलं, प्रिस्क्रिप्शन सही-शिक्क्यानिशी नीट देतात, क्लेमला तेच लागतं (ओपीडी, औषधं, टेस्ट, थेरपी सगळं धरून वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, पण प्रत्येकाची लिमिट वेगळी, आधी बघून घ्या). मूल अठराचं झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचा अर्ज कलेक्टरांच्या कमिटीकडे करावा लागतो हेही आम्हाला इथेच कळलं.

एक स्टार कापलाय तो जिन्यासाठी, पहिला मजला अन् लिफ्ट नाही, व्हीलचेअरवाल्यांनी काय करायचं? रिसेप्शनवाला पोरगा फोन उचलत नाही आणि वेटिंगमध्ये टीव्ही मोठ्याने लावून ठेवतो, ऑटिझमवाल्या मुलांना नक्कीच त्रास होणार. सकाळचा पहिला नंबर मागून घ्या, तेव्हा टीव्ही बंद असतो.