फोंड्यातलं ड्रायव्हिंग स्कूल: बहीण सुटली, बाबा अडकले, ३.५ स्टार

बाबा आणि धाकटी बहीण दोघांना एकदमच घातलं होतं. स्कूलचं नाव लिहीत नाही, सर बाजारात रोज भेटतात. घरी शिकवायच्या भानगडीत मी पडलोच नाही, बाबांना मी "क्लच हळू सोडा" म्हणणार आणि ते ऐकून घेणार हे आमच्या घरात शक्य नाही, पण सरांचं मात्र निमूट ऐकतात, अर्धी फी तर तिथेच वसूल झाली.

बाबांनी जन्मभर स्कूटर चालवली आणि बहीण सायकलच्या पुढे कधी गेली नाही, त्यामुळे बाबा पटकन शिकतील असंच सगळे धरून होतो. झालं उलटं. बहिणीला गाडीची रुंदी जवळजवळ लगेच कळली, आरसे बघायला सांगावं लागलं नाही. बाबांना रस्ता उत्तम कळतो, कदंबा बस कुठे थांबणार, पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) कुठल्या फटीतून घुसणार सगळं आधीच ओळखतात, पण गाडी सारखी डावीकडे जाते. सरांनी कारण छान सांगितलं: स्कूटरवाला डाव्या कडेने जातो आणि कारमध्ये बसला तरी स्वतःला तिथेच नेतो, पण इथे आपण बसतो उजवीकडे, मग उरलेली गाडी गटारात नाहीतर कुणाच्यातरी चिऱ्यांच्या गडग्याला. उपायही सोपा दिला, रस्त्याची डावी कड बॉनेटच्या मधोमध दिसायला लागली म्हणजे डावं चाक कडेला टेकत आलं, तिथून आत यायचं. यावर बाबा बरेच सुधारले, पूर्ण नाही.

आता तक्रार. सरांच्या पायाशी वेगळा क्लच-ब्रेक असतो, तो हवाच, पण गाडी बंद पडायला आली की सर गुपचूप क्लच दाबतात आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमलं. बहिणीचं एवढं कौतुक चाललेलं, आणि आमच्या गाडीत, एल बोर्ड लावून, मी बाजूला बसलेलो, फर्मागुडीच्या चढावर थांबून परत उचलताना गाडी बंद आणि मागे सरकायला लागली, मागचा टिप्परवाला हॉर्न सोडेचना. हँडब्रेक ओढून हाफ क्लचवर (क्लच अर्धवट सोडून) गाडी कशी धरायची हे तिला कधी स्वतःच्या पायाने करूच दिलं नव्हतं. (नंतर बांदोड्याच्या मोकळ्या रस्त्यावर शिकली, एका संध्याकाळीत, ही पोरगी खरंच वेगळी आहे.)

दुसरं म्हणजे कोर्स सगळ्यांना एकसारखा. बहिणीला अर्धे क्लास जास्तीचे झाले, तेच बाबांना कमी पडले आणि वाढीव क्लासचे पैसे वेगळे. रिव्हर्स पार्किंग तर ट्रायलपुरतंच (लायसन्सच्या टेस्टपुरतं), मार्केटात दोन गाड्यांच्या मध्ये गाडी घालायची वेळ आली की कळतं काय शिकलो ते. रात्रीचं आणि पावसातलं ड्रायव्हिंग अजिबात नाही, गोव्यात चार महिने पाऊस असताना!

लर्निंग लायसन्सचे फॉर्म, ट्रायलची तारीख वगैरे सगळं त्यांनीच बघितलं, त्यात तक्रार नाही. लर्निंग ६ महिने चालतं आणि ट्रायल ३० दिवसांनंतर देता येते, तेव्हा घाई करू नका, बाबांसारखं कुणी असेल तर पूर्ण मुदत वापरा.

जाणार असाल तर सकाळची बॅच मागा, संध्याकाळी तिस्कच्या ट्रॅफिकमध्ये नुसतं पहिल्या गिअरमध्ये उभं राहायला शिकाल. आणि सरांना सरळ सांगा की आज तुमचे पाय वर ठेवा, हसतात पण ऐकतात.