ॲक्च्युएटरची पोझिशन वाचायला एडीएस१११५ मॉड्यूल: १६ बिट्सकडे पाहून घेऊ नका

व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या इलेक्ट्रिक ॲक्च्युएटरच्या फीडबॅकला, म्हणजे पोझिशन कळवायला, बहुधा १ किलोओहमचा पॉट (फिरता रेझिस्टर) असतो, नाहीतर पोझिशन करंटने सांगणारं ४-२० मिलीअँपचं कार्ड. दोन्हींसाठी हे मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा १६ बिटांचा एडीसी, चालतं, पण जे सांगून ते विकलं जातं त्या कारणासाठी नाही. ±४.०९६ व्होल्टच्या रेंजवर एक काउंट, म्हणजे आकड्याची एक पायरी, १२५ मायक्रोव्होल्टची. ३.३ व्होल्टवरचा पॉट ९० अंशांच्या फेरीत साधारण २० हजार काउंट देतो. गिअरमध्ये एक अंशाचा प्ले (ढिलेपणा) असला, की त्यातले सव्वादोनशे तिथेच गेले! अर्डुइनो ऊनोचा १० बिटांचा एडीसी या कामाला पुरतो. मॉड्यूल लागतं ते कंट्रोलर बोर्ड ईएसपी३२ असेल तर. त्याचा एडीसी रेंजच्या दोन्ही टोकांना वाकतो, म्हणजे आकडा चुकवतो, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला का, हे तर टोकालाच कळायला हवं.

मात्र यात एक खोच आहे. ऊनो पॉटला देतो त्याच पुरवठ्याशी तुलना करतो. एडीएस१११५ स्वतःच्या आतल्या रेफरन्सशी, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजशी. मोटर सुरू होताना ३.३ व्होल्ट जरा बसला, तरी व्हॉल्व्ह हलल्यासारखा दिसतो. म्हणून वायपर (पॉटचं मधलं, सरकतं टोक) मॉड्यूलच्या ए० इनपुटला, पॉटचं वरचं टोक ए१ ला जोडा आणि ए० भागिले ए१ हा भागाकार वापरा. पॉट सहसा पूर्ण फिरत नाही, बंदला ०.०९, उघड्याला ०.८७ असं काहीतरी येतं. प्रत्येक ॲक्च्युएटरची ही दोन टोकं वेगळी मोजून साठवा. वायपरपासून ग्राउंडला ४७० किलोओहम लावा. वायर तुटली तर आकडा शून्याकडे, म्हणजे ‘बंद’च्याही खाली जातो आणि बिघाड लगेच ओळखता येतो. हा रेझिस्टर नसेल तर तरंगती वायर अगदी पटण्याजोगे आकडे दाखवत राहते.

४-२० मिलीअँपच्या करंटचं व्होल्टेज करायला १५० ओहम, ०.१ टक्क्याचा रेझिस्टर घ्या: ०.६ ते ३.० व्होल्ट मिळतात. ३.६ मिलीअँपच्या, म्हणजे ०.५४ व्होल्टच्या खाली गेलं की लूपमध्ये, म्हणजे या करंटच्या सर्किटमध्ये, बिघाड समजा. सवयीने २५० ओहम लावू नका. २० मिलीअँपला ५ व्होल्ट होतात, आणि इनपुटला पुरवठ्यापेक्षा ०.३ व्होल्टच जास्त चालतो. जोडणीत चुकून २४ व्होल्ट थेट आले तर १५० ओहमवर जवळजवळ ४ वॉट पडतात. पाव वॉटचा रेझिस्टर काळा पडतो. लूपमध्ये ५० मिलीअँपचा फ्यूज आणि इनपुटच्या आधी १० किलोओहम असला की चिप वाचते.

मॉड्यूलला ३.३ व्होल्टच द्या. ५ दिले तर बोर्डावरचे पुल-अप रेझिस्टर एसडीए-एससीएल या डेटाच्या लाइन ५ व्होल्टवर ओढतात, आणि ते ईएसपी३२ ला मानवत नाही. व्हॉल्व्हला फिरायला कित्येक सेकंद लागतात, तेव्हा सेकंदाला ८ रीडिंगचा सर्वात संथ वेग ठेवा. मोटरचा नॉइज (सिग्नलमधला विजेचा गोंधळ) बराच गाळला जातो. आयसोलेशन, म्हणजे दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवण्याची सोय, मात्र मॉड्यूलवर नाही. लांब केबल आणि वेगळा पॉवर सप्लाय असेल तर आयसोलेटर वेगळा लावावा लागेल.

नग हातात आला की कच्चे आकडे छापून बघा. प्रत्येक आकड्याला १६ ने पूर्ण भाग जात असेल, तर १११५ च्या नावाखाली १२ बिटांची एडीएस१०१५ आली आहे. व्हॉल्व्हच्या कामाला तीही पुरते. फक्त पैसे १११५ चे देऊ नका.