अपग्रेडनंतर विंडोज नव्याने टाकली, काही महिने वापरली: लायसन्सचं काय झालं?

विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड केलंय, मशीन तेव्हापासून कुरकुरतंय, आता सगळं पुसून नव्याने टाकलं तर ॲक्टिव्हेशन, म्हणजे विंडोज अस्सल असल्याची मायक्रोसॉफ्टकडची खात्री, जाईल का? हा प्रश्न ओळखीतले लोक मला सारखे विचारतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्याच्या आगेमागे बऱ्याच जणांनी घाईत अपग्रेड उरकलं, त्यामुळे हा प्रश्न आणखी वाढला. माझं उत्तर सरळ आहे. मदरबोर्ड (मशीनचा मुख्य सर्किट बोर्ड) तोच असेल आणि एडिशन (होम, प्रो असा विंडोजचा प्रकार) तीच टाकली, तर ॲक्टिव्हेशन जात नाही. मी स्वतः केलंय, आणि त्यानंतर काही महिने ते मशीन रोज कामाला जुंपल्यावर हे लिहितेय.

आधी कारण सांगते, कारण उगाच फॉरमॅट मारणाऱ्यांतली मी नाही. अपग्रेडमध्ये जुन्या फाइल्स, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज तशाच पुढे येतात. ही सोयही आहे आणि अडचणही. माझ्या लॅपटॉपवर आवाजाचं एक जुनं कंट्रोल पॅनल, काढून टाकलेल्या प्रिंटरची मागे राहिलेली सर्व्हिस आणि दोन अँटिव्हायरसचे अवशेष असं सगळं नव्या सिस्टममध्ये आलं होतं. झोपवलेलं मशीन जागं केलं की आवाज गायब व्हायचा. फाइल एक्सप्लोररमध्ये राइट क्लिक केलं की मेनू यायला क्षणभर थांबावं लागायचं. परत मागे जायची सोय अपग्रेडनंतर १० दिवसच असते, त्यानंतर जुनी विंडोज साठवलेला विंडोज.ओल्ड फोल्डर सिस्टम आपोआप काढून टाकते. तो रस्ता बंद झाला होता. मग सगळं पुसून स्वच्छ इन्स्टॉल करायचं ठरवलं.

आता लायसन्सकडे वळते, कारण खरी भीती तिथेच असते. बहुतेकांना वाटतं, प्रॉडक्ट की म्हणजेच लायसन्स, आणि ती २५ अक्षरं कुठेतरी लिहून ठेवली की झालं. म्हणून लोक की शोधून देणारी छोटी टूल्स चालवतात. अपग्रेड झालेल्या मशीनवर त्यातून जी की हाती येते, ती जगभरात सारखीच असते. प्रो एडिशनच्या कीची शेवटची पाच अक्षरं ३व्ही६६टी, होमची ८एचव्हीएक्स७. तुमच्या मशीनवर हीच अक्षरं दिसली तर ती की तुमची एकट्याची नाही. ती फक्त एडिशन ठरवते, तिच्यावर काहीच ॲक्टिव्हेट होत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि डीएलआय (slmgr /dli) असं दिलं की अशा मशीनवर चॅनल, म्हणजे लायसन्सचा प्रकार, रिटेल (सुटं विकत घेतलेलं) दिसतं. त्यावरून आपलं लायसन्स रिटेल आहे असा समज करून घेऊ नका. तो शिक्का त्या सामायिक कीचा असतो.

खरं लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेलं असतं. अपग्रेडच्या वेळी जुनी विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे का ते पाहिलं जातं, हार्डवेअरची एक ओळख तयार होते आणि त्या ओळखीपुढे एडिशनची नोंद पडते. यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आली तेव्हापासून हीच पद्धत आहे. सुरुवातीला तर आधी अपग्रेड करूनच ही नोंद पाडून घ्यावी लागायची, विंडोज ७ किंवा ८ ची की थेट स्वच्छ इन्स्टॉलला चालायची नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अपडेटपासून ती चालू लागली. मोफत अपग्रेडची मुदत २९ जुलै २०१६ ला कागदोपत्री संपली, तरी जुन्या की पुढे कित्येक वर्षं चालत राहिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केल्याचं जाहीर केलं. तेव्हा विंडोज ७ च्या कीच्या भरवशावर आज कुणी स्वच्छ इन्स्टॉल करू नये. पण त्या काळात अपग्रेड करून ज्या मशीनची नोंद पडली, ती नोंद रद्द झालेली नाही. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही आणि चांगली चालती मशीन उगाच भंगारात जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

पुसण्याआधी केलेल्या तयारीला मी पूर्ण गुण देईन, इन्स्टॉल त्यामुळेच सुरळीत गेलं. सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन इथे जाऊन विंडोज डिजिटल लायसन्सवर चालू आहे आणि ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं आहे, हे वाचून घेतलं. नुसतं ॲक्टिव्हेटेड लिहिलेलं असेल तर अकाउंट जोडून घ्या. त्याच मशीनवर पुन्हा टाकताना याची गरज पडत नाही, पण पुढे कधी मदरबोर्ड बदलला तर हा दुवाच कामी येतो. शेजारच्या पानावर एडिशनचं पूर्ण नाव असतं, ते जसंच्या तसं लिहून घेतलं. होम आणि होम सिंगल लँग्वेज या दोन वेगळ्या एडिशन आहेत, इथे गल्लत करू नका.

दुसरी गोष्ट एन्क्रिप्शनची, म्हणजे ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद ठेवण्याची. बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. सी ड्राइव्ह तर आपण पुसणारच, पण डी ड्राइव्हवर डेटा ठेवून नव्याने टाकलं तर नवी विंडोज त्या ड्राइव्हला कुलूप दाखवते आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की आधीच अकाउंटमधून काढून कागदावर उतरवा. मी उतरवली होती, डी ड्राइव्हने मागितली, अंक घातले, ड्राइव्ह उघडला. हा कागद नसता तर कित्येक वर्षांचे फोटो डोळ्यांसमोर असून हाताला लागले नसते.

तिसरी गोष्ट विंडोजची नाहीच. विंडोजचं लायसन्स आपोआप परत येतं म्हणून बाकीच्या सॉफ्टवेअरचंही येईल असं धरून चालू नका. हिशेबाची, डिझाइनची कितीतरी सॉफ्टवेअर ठरावीक मशीनवरच चालतात आणि पुसण्याआधी आतूनच डीॲक्टिव्हेट करावी लागतात. ते केलं नाही तर त्या लायसन्समधली एक जागा जुन्या नोंदीतच अडकून बसते आणि कंपनीच्या मदत विभागाला विनवण्या कराव्या लागतात.

इन्स्टॉलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेल्या मीडिया क्रिएशन टूलने तयार केलेला सेटअप. की मागणाऱ्या पानावर माझ्याकडे की नाही अशा अर्थाची एक ओळ असते, तीच निवडायची. पुढे एडिशनची यादी येते, तिथे लिहून घेतलेलं नाव बघून निवडायचं. ही यादी आलीच नाही तर घाबरू नका. विंडोज ८ च्या काळापासून कंपन्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डवरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) की घालून देतात, सेटअप ती वाचतं आणि न विचारता तीच एडिशन टाकतं. होमवाला लॅपटॉप घेऊन नंतर पैसे भरून प्रो केलेल्यांना मात्र इथे धक्का बसतो, कारण टाकल्यावर होमच दिसते. प्रोची नोंद सर्व्हरवर असतेच, ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर (अडचण शोधणारं विंडोजचंच टूल) चालवला की तो ती शोधून प्रो करायचा रस्ता दाखवतो.

दोन जागी लोक अडकतात. ११ व्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर कधीकधी सेटअपला डिस्कच दिसत नाही, यादी रिकामी येते. डिस्क बिघडलेली नसते. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर (विंडोजला डिस्क ओळखायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर ठेवून तिथल्या लोड ड्रायव्हरमधून द्यावा लागतो. दुसरी जागा म्हणजे वायफाय. विंडोज ११ चा सेटअप इंटरनेट मागतो आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर पुढे सरकत नाही. मी अँड्रॉइड फोन केबलने जोडला आणि यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट केबलवरून देणं, चालू केलं. लॅपटॉपने तो नेटवर्क म्हणून लगेच ओळखला.

डेस्कटॉप आला तेव्हा आधी ॲक्टिव्हेशनचं पान उघडलं. तिथे ॲक्टिव्ह लिहिलेलं होतं, खाली डिजिटल लायसन्स आणि अकाउंटचा उल्लेख. कुठेही की टाइप केली नव्हती. खात्रीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, तिरकी रेघ आणि एक्सपीआर (slmgr /xpr) दिलं, छोटी खिडकी उघडली आणि मशीन कायमस्वरूपी ॲक्टिव्हेटेड असल्याचा संदेश आला. हा शब्द महत्त्वाचा आहे. तुमच्याकडे तिथे एखादी तारीख दिसली तर लायसन्स ऑफिसातल्या मोठ्या नेटवर्कचं आहे, त्याची मुदत १८० दिवसांची असते आणि ती वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. कवडीमोल भावात विकल्या जाणाऱ्या कीमध्ये असा माल असतो, म्हणून मी त्यांच्या वाटेला जात नाही.

कुणाकडे लगेच ॲक्टिव्हेट झालं नाही तर स्क्रीनच्या कोपऱ्यातला, विंडोज ॲक्टिव्हेट करा असं सांगणारा फिकट मजकूर बघून कासावीस होऊ नका. इंटरनेट लावा, थोडं थांबा, ट्रबलशूटर चालवा. एफ७००१ ने संपणारा एरर आला तर या हार्डवेअरसाठी लायसन्स सापडलं नाही असा अर्थ, बहुतेकदा एडिशन चुकलेली असते. एफ२११ ने संपणारा आला तर हार्डवेअर बदलल्याची तक्रार आहे. माझ्या मामेभावाच्या डेस्कटॉपला मदरबोर्ड बदलल्यावर हाच आला होता. ट्रबलशूटरमध्ये या मशीनचं हार्डवेअर नुकतंच बदललं आहे हा पर्याय घेतला, अकाउंटने साइन इन केलं, यादीतून जुन्या मशीनचं नाव निवडलं आणि काम झालं. त्याची विंडोज सुटी विकत घेतलेली रिटेल होती, हे इथे सांगायला हवं. लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं, नव्या मदरबोर्डवर ते नेता येईल अशी आशा धरू नये.

आता वापराचं बोलते. आवाज जाणं थांबलं, एकदाही परत झालं नाही. राइट क्लिकचा मेनू झटक्यात येतो. सुरू व्हायला लागणारा वेळ थोडाच कमी झाला, कारण एसएसडी आधीपासून होतीच. बॅटरीत मला काही फरक जाणवला नाही. मधल्या काळात रॅम वाढवली, बायोस (मशीन सुरू करणारं फर्मवेअर) अपडेट केलं, महिन्याची अपडेट्स येत राहिली. ॲक्टिव्हेशन जिथल्या तिथे. बायोस अपडेटआधी एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवलं होतं, नाहीतर पुढच्या बूटला तो ४८ अंकी आकडा मागितला जाऊ शकतो.

हा खटाटोप प्रत्येकाने करावा असं माझं म्हणणं नाही. एखादाच प्रोग्रॅम अडत असेल तर आधी चालू विंडोजमध्येच सेटअप चालवून फाइल्स आणि ॲप्स ठेवून दुरुस्ती करून बघा. ॲक्टिव्हेशनला त्यातही हात लागत नाही आणि एक संध्याकाळ वाचते. त्याने भागलं नाही, ड्रायव्हरचा गुंता जुन्या सिस्टमपासून चालत आलेला असेल, तर मात्र पुसून टाका. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आधी चिपसेट आणि आवाजाचे ड्रायव्हर घ्या, बाकीचे विंडोज अपडेटला आणू द्या. मी कंपनीची जादा युटिलिटी एकही परत टाकली नाही, आणि अजून एकीचीही उणीव भासलेली नाही.